घरातल्या डब्यापासून नाणेसंग्रह: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या बहुतेक जुन्या घरांत जुन्या नाण्यांचा एखादा डबा असतोच. कधी तो देवघरात असतो, कधी आजीच्या ट्रंकेत, कधी धान्याच्या कणगीमागे. संग्रहाची सुरुवात त्या डब्यातूनच होते, आणि नासाडीही तिथेच होते. डबा सापडल्यावर लोक आधी नाणी चिंचेनं घासतात, मग मोबाइलवर किंमत शोधतात, मग बाजारातून आणखी चार नाणी आणतात, आणि हातात काय आहे हे शेवटी कधीतरी कुणाला तरी विचारतात. हा क्रम नेमका उलटा आहे. आधी वेगळं करा, मग ओळखा, मग मोजा, मग नोंदवा, मग ठेवा. खरेदीचा नंबर सगळ्यात शेवटी.

१. डबा उघडण्यापूर्वीची तयारी

साहित्य फार लागत नाही, पण प्रत्येक वस्तूला काम आहे.

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला डिजिटल काटा घ्या. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा या कामाला निरुपयोगी आहे. दहापट भिंग घ्या, घड्याळदुरुस्तीवाले वापरतात तसलं. व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर लागेल. तो प्लास्टिकचा असला तर उत्तम, कारण पोलादी टोकांनी नाण्याच्या कडेला ओरखडे पडतात. एक छोटं चुंबक, मऊ सुती कापड किंवा जुना धुतलेला टॉवेल, डिस्टिल्ड पाणी (बॅटरीत घालतात ते), पेन्सिल आणि दोनशे पानी वही हवी. शिवाय दुकानदाराकडून मोकळ्या कागदी पुड्या घ्या. सुरुवातीला प्रत्येक नाणं एका पुडीत घालायचं आहे.

काटा बरोबर आहे का हे बघायला वेगळं वजन विकत घ्यायची गरज नाही. खिशातलं नवं कोरं दहा रुपयांचं दोन धातूंचं नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं आणि वीस रुपयांचं बाराकोनी ८.५४ ग्रॅमचं. दोन्ही ठेवून बघा. फरक ०.०५ च्या आत असला तर काटा चालेल.

टेबलावर टॉवेल अंथरा. नाणं निसटलंच तर टॉवेलवर पडेल, फरशीवर नाही. शहाबादी फरशीवर कडेनं आपटलेल्या चांदीच्या रुपयाची ती खोक कायमची राहते.

सावधान: नाणं नेहमी कडेला धरा, अंगठा आणि तर्जनीत. चकतीवर बोटं ठेवलीत तर घामातल्या मिठाचा ठसा तांब्यावर उमटतो, आणि काही महिन्यांनी तो काळा होऊन कायमचा बसतो.

२. पहिली वाटणी: ढीग करा, धुऊ नका

डबा उपडा करू नका, नाणी एकेक काढा. वाटणी धातू आणि लिपीवरून करायची. किंमत किंवा चमक या टप्प्यावर बघायची नाही. आपल्या भागातल्या डब्यात साधारण हे ढीग पडतात:

पहिला ढीग स्वातंत्र्यानंतरच्या दशमान नाण्यांचा, म्हणजे १९५७ पासूनच्या. दुसरा १९५० ते १९५५ च्या आणेमालिकेचा. तिसरा इंग्रजी राजा-राणीच्या नाण्यांचा. चौथा फारसी अक्षरांच्या नाण्यांचा. पाचवा देवनागरी अक्षरांच्या जाड, ओबडधोबड तांब्याच्या तुकड्यांचा. सहावा गोव्याकडच्या पोर्तुगीज नाण्यांचा; चोर्ला आणि अनमोडच्या वाटेनं ये-जा असल्यामुळे ही नाणी इथल्या घरांत हमखास निघतात. सातवा संशयिताचा. त्यावर हनुमान, रामदरबार, स्वस्तिक किंवा ‘१८१८’ असलं काही दिसलं की ते बाजूला ठेवा. कारण पुढे येईल.

बिदर, कलबुर्गीकडची सोयरीक असेल तर चारमिनार असलेली निजामाची नाणीही निघतील. ती फारसीच्या ढिगात घाला.

ज्या नाण्यांवर फिकट हिरवी, मोरचुदासारखी भुकटी दिसते ती लगेच वेगळ्या डबीत घाला. साधा कळंक घट्ट, गडद हिरवा आणि गुळगुळीत असतो. त्यानं फार बिघडत नाही, उलट जुनेपणाची ती खूण आहे. भुकटी मात्र धातू खात आत जाते, आणि दमट हवेत शेजारच्या तांब्याच्या नाण्यांवरही ती सुरू व्हायला वेळ लागत नाही.

तपासणी: पुढच्या पायरीला जाण्याआधी एकही नाणं पाण्यात गेलेलं नसावं. हळदकुंकू चिकटलेलं असलं तरी राहू द्या.

३. ओळख: इथे वेळ घालवा

सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात कमी पैसा याच पायरीला लागतो. बहुतेक जण दोन्ही हिशेब उलटे करतात.

दशमान नाणी आणि टांकसाळीची खूण

१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. सुरुवातीला त्यांवर ‘नये पैसे’ असं असे, १९६४ पासून ‘नये’ गेलं. तीन पैशांचं षटकोनी अॅल्युमिनियमचं नाणं १९६४ पासूनचं. वीस पैशांच्या पितळी नाण्यावर कमळ आहे आणि १९६९ च्या नाण्यावर गांधीजी. २५ पैसे आणि त्याखालची सर्व नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली. पन्नास पैशांचं नाणं मात्र कायद्यानं अजून चालतं, दुकानदार काहीही म्हणो.

सालाच्या खाली भिंगानं बघा. काहीच खूण नसेल तर कोलकाता. हिऱ्यासारखा चौकोन असेल तर मुंबई. पाचकोनी तारा असेल तर हैदराबाद. गोल ठिपका असेल तर नोएडा (ही टांकसाळ १९८८ पासून). एकाच सालाचं नाणं चार टांकसाळींचं असलं तर संग्रहाच्या दृष्टीनं ती चार नाणी आहेत. हे कळलं की खिशातली चिल्लरही बघावीशी वाटते.

इथे दोन चुका नेहमीच्या. पहिली: झिजलेला हिरा गोल ठिपक्यासारखा दिसतो आणि मुंबईचं नाणं नोएडाच्या खात्यात जातं. संशय असला तर त्याच सालाचं कमी झिजलेलं दुसरं नाणं शेजारी ठेवून बघा. एकट्या नाण्यावरून ठरवू नका. दुसरी: तारा दिसला की हैदराबाद, असं लोक धरून चालतात. पण १९८५ मध्ये सरकारनं काही नाणी परदेशात पाडून घेतली होती. त्या वर्षाच्या पन्नास पैशांवर तारा सालाच्या पहिल्या आकड्याखाली असेल तर ते दक्षिण कोरियातल्या सोलचं आहे. १९८५ च्या एक रुपयावर इंग्रजी ‘एच’ असेल तर ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचं. म्हणून खूण कोणती एवढंच नको, ती नेमकी कुठे आहे तेही वहीत लिहा.

आणे, पै आणि लोकांची नावं

घरातले वडीलधारे ‘चवली’ म्हणाले तर दोन आणे, ‘पावली’ म्हणजे चार आणे, ‘अधेली’ म्हणजे आठ. रुपयाचे १६ आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. ‘भोकाचा पैसा’ १९४३ ते १९४७ चा. कानडी बोलणाऱ्या शेजाऱ्यानं ‘दुड्डू’ म्हटलं तर आज त्याचा अर्थ नुसता पैसा, पण म्हातारी माणसं ते जुन्या तांब्याच्या नाण्यालाच म्हणतात. बैलहोंगल किंवा गोकाकच्या बाजारात विचारणा करताना ‘हळे नाण्य’ (जुनं नाणं) आणि ‘बेळ्ळी रूपायी’ (चांदीचा रुपया) हे दोन शब्द पुरतात.

चांदीचा रुपया: सालाचा सापळा

ईस्ट इंडिया कंपनीची एकसारखी नाणी १८३५ पासून सुरू झाली. ‘व्हिक्टोरिया क्वीन’ असेल तर ते १८७६ पर्यंतचं, ‘एम्प्रेस’ असेल तर १८७७ पासूनचं. सालावर भुलू नका. १८३५, १८४० आणि १८६२ ही सालं नाण्यांवर वर्षानुवर्षं तशीच ठेवली गेली. १८६२ चा रुपया तर पुढे दहा-बारा वर्षं त्याच सालानं पाडला गेला आणि ठिपक्यांच्या संख्येवरून त्याचे प्रकार ठरतात. तरीही ‘दीडशे वर्षांपूर्वीचा दुर्मिळ रुपया’ म्हणून तोच सगळ्यांत जास्त गळ्यात मारला जातो.

पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, आणि १९१२ पासून हत्ती सुधारला गेला. दोन्ही रुपये शेजारी ठेवून सोंड बघा. भिंग वापरायची सवय लावायला याहून चांगला धडा नाही.

१९४० पासून सहाव्या जॉर्जच्या रुपयातली चांदी निम्म्यावर आली. १९४७ च्या वाघाच्या रुपयात चांदी अजिबात नाही, तो निकेलचा आहे.

फारसी, देवनागरी आणि पोर्तुगीज

शिवराईवर, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या नाण्यावर, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ठसा मोठा आणि चकती लहान असल्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच येतो. अर्धी अक्षरं कापलेली म्हणजे नाणं खोटं नव्हे, आणि ‘चुकीचं छापलेलं दुर्मिळ नाणं’ही नव्हे. वजनंही कमीजास्त असतात. उलट सगळी अक्षरं स्वच्छ मध्यभागी बसलेली गुळगुळीत गोल शिवराई समोर आली तर सावध व्हा. शिवराई पुढे फार काळ पाडली जात राहिली, ‘दुदांडी’ हा तिचा नंतरचा प्रकार. घरातली प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली असते, असा समज वहीबाहेरच ठेवा.

मराठेशाहीतले रुपये फारसीत, बहुधा मोगल बादशहाच्या नावानं असतात, त्यामुळे ‘हे तर मुसलमानी नाणं’ म्हणून ते भंगारात जातात. बेळगावजवळच्या शहापूरलाच पूर्वी टांकसाळ होती आणि तिथल्या रुपयाला शहापुरी म्हणत. बेळगावचं मोगलकालीन नाव आझमनगर. फारसी वाचता येत नसलं तरी आकडे तरी शिकून घ्या. तेवढ्यानं साल कळतं. हिजरी सालाला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवा, म्हणजे इसवी साल जवळपास येतं. १३३७ हिजरी म्हणजे १९१८-१९.

गोव्याच्या नाण्यावर ‘इंडिया पोर्तुगेझा’ असं रोमन अक्षरांत असतं. जुनी रुपिया आणि टांगा, १९५८ पासूनची एश्कुदो आणि सेंताव्हो. ती कांस्याची सेंताव्हो पाहून लोक ‘परदेशी’ म्हणून मुलांना खेळायला देतात.

सातवा ढीग आता उघडा. ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८, हाफ आना’ असं लिहिलेलं आणि मागे हनुमान किंवा रामदरबार असलेलं तांब्याचं नाणं कंपनीनं कधीच काढलं नाही. ‘यूकेएल वन आना’ लिहिलेलंही तसंच. ही जत्रेत विकायला बनवलेली टोकनं आहेत. देवघरात ठेवायला हरकत नाही, संग्रहात त्यांना जागा नाही.

४. मोजमाप

ओळख नजरेनं झाली, आता आकड्यांनी पटवा. हा क्रम पाळा: चुंबक, वजन, व्यास, शेवटी पाणी.

चुंबक नाण्याला घासू नका, जवळ नेऊन बघा. चांदी, तांबं, पितळ, तांबं-निकेल यांना चुंबक ओढत नाही. निकेल आणि हल्लीचं पोलादी नाणं ओढलं जातं. म्हणजे १९४७ चा रुपया चिकटला तर घाबरू नका, पण १९०७ चा चिकटला तर तो संपला.

चांदीच्या रुपयाचं पूर्ण वजन ११.६६ ग्रॅम आणि व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर. हाच तो जुना तोळा. सराफ आज दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, तेव्हा ‘एक तोळ्याचा रुपया’ असं बोलताना दोघांच्या मनात वेगवेगळे आकडे असतात. आधी ठरवून घ्या. झिजलेला रुपया ११.४ पर्यंत उतरलेला चालतो. त्याखाली असेल तर कडा कापलीय का, कानस लागलीय का ते बघा. ११.६६ च्या बराच वर असेल तर जास्तच संशय घ्या. नाणं झिजून वजनात वाढत नाही.

पाण्याची परीक्षा

ही परीक्षा घरी करता येते, नाण्याला इजा होत नाही, आणि कसोटीच्या दगडापेक्षा सुरक्षित आहे. दगडावर घासलं की ओरखडा राहतोच.

एका छोट्या ग्लासात पाणी घेऊन तो काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. बारीक दोऱ्याला नाणं बांधून पूर्ण बुडेल असं सोडा. तळाला किंवा काचेला ते लागता कामा नये. चिकटलेले बुडबुडे दोरा हलवून सोडवा. आता काटा जो आकडा दाखवेल तो नाण्यानं हटवलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या कोरड्या वजनाला या आकड्यानं भागा.

१९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, म्हणून भागाकार १०.३ च्या आसपास यायला हवा. पूर्ण वजनाच्या रुपयाला काटा १.१३ दाखवेल. सहाव्या जॉर्जच्या निम्म्या चांदीच्या रुपयाला भागाकार ९.५ च्या जवळ, काटा १.२२. तांबं-निकेलची नक्कल असेल तर भागाकार ८.९ आणि काटा १.३१. दोऱ्याचा बुडालेला भाग थोडा जास्त झाला तरी शेवटचा आकडा बदलतो. तीनदा करून सरासरी घ्या.

सावधान: १९३९ च्या रुपयाची नक्कल भरपूर आहे, कारण खरा फार कमी मिळतो. बऱ्याचदा दुसऱ्याच सालाचा आकडा कोरून ‘९’ केलेला असतो. अशा नाण्याची चांदी खरी असल्यामुळे वजन आणि पाणी दोन्ही बरोबर येतात, पकडायला भिंगच लागतं. आकड्याभोवतीचा धातू खरवडलेला, चमकदार किंवा खोलगट दिसतो का ते बघा.

ओतीव नक्कल ओळखायला चकतीपेक्षा कडा बघा. साच्याच्या दोन भागांची बारीक रेघ कडेवर राहते, दाते बोथट असतात, आणि सपाट भागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. पण कृष्णा, मलप्रभा, घटप्रभेच्या पात्रातून निघालेल्या खऱ्या नाण्यांवरही खड्डे असतात. नदीच्या नाण्याचे खड्डे ओबडधोबड आणि एका बाजूला जास्त असतात, ओतीव नाण्याचे सगळीकडे सारखे.

एक नेहमीची तपासणी राहिली: कडी. पुतळ्यांच्या माळेत किंवा हारात ओवलेल्या रुपयाच्या कडेवर बाराच्या जागी डागाची खूण असते. सोनारानं ती घासून गुळगुळीत केलेली असली तरी तिथले दाते गेलेले असतात. असं नाणं खरंच असतं, पण संग्राहक त्याला चांदीच्या भावापेक्षा फारसं जास्त देत नाही. नोंदीत ‘कडी काढलेली’ लिहा.

५. स्वच्छता: बहुतेक वेळा करू नका

चिंच, लिंबू, राख, रांगोळी, टूथपेस्ट, पितळेची भांडी घासायची पावडर, सोड्याच्या पाण्यात अॅल्युमिनियमचा कागद, यांतलं काहीही नको. देवाची भांडी दिवाळीला लखलखीत करायची सवय हाताला असते, म्हणूनच ही पायरी सर्वांत जास्त चुकते. आम्लानं वरचा थर जातो, त्याबरोबर बारीक नक्षीची धारही जाते, आणि तांबं कोवळ्या गुलाबी रंगाचं दिसू लागतं. तो रंग जाणकार हातभर अंतरावरून ओळखतो. पावडरीनं घासलं की भिंगाखाली एकाच दिशेच्या रेघा दिसतात. झालेलं नुकसान परत फिरवता येत नाही.

करता येतं ते एवढंच. हळदकुंकू, तेल, माती असेल तर नाणं डिस्टिल्ड पाण्यात चोवीस तास ठेवा, पाणी बदलून पुन्हा चोवीस तास. एका भांड्यात एकाच धातूची नाणी ठेवा. नंतर टॉवेलवर दाबून टिपा, पुसू नका. पंख्याखाली तासभर सुकवा. कुंकवाचा डाग राहिला तर राहू द्या. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका, क्षारांचे पांढरे डाग पडतात.

हिरव्या भुकटीच्या नाण्यांसाठीही डिस्टिल्ड पाणीच, पण आठवडे लागतात आणि पाणी रोज बदलावं लागतं. वाळल्यावर महिनाभर वेगळं ठेवा. भुकटी पुन्हा आली तर ते नाणं कायम वेगळंच राहील.

प्लास्टिकच्या पाकिटात राहून नाणं चिकट, हिरवट झालं असेल तर पाण्यानं ते जात नाही. शुद्ध अॅसिटोन लागतं, नखांच्या रिमूव्हरमधलं सुगंधी मिश्रण नव्हे. खिडकी उघडी ठेवा, जवळ शेगडी किंवा निरांजन नको, आणि काचेचंच भांडं घ्या.

६. नोंदवही

प्रत्येक नाण्याला क्रमांक द्या. त्यापुढे दर्शनी मूल्य, साल जसं लिहिलंय तसं, टांकसाळीची खूण आणि तिची जागा, वजन, व्यास, अवस्था, कुठून मिळालं, केव्हा, किती दिले. ‘कुठून’ हा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि तोच पुन्हा भरता येत नाही. ‘आजोळ, हलशी, आजोबांच्या पेटीतून’ एवढं लिहिलेलं पुरे.

अवस्था ठरवताना राजाच्या डोक्यापासून सुरुवात करा. मुकुट, कान आणि भुवई आधी झिजतात. मुकुटातली बारीक रत्नं वेगवेगळी दिसत असतील तर अवस्था चांगली, नुसता फुगवटा दिसत असेल तर मध्यम. व्यापारी ‘यूएनसी’ म्हणतात तेव्हा नाणं चलनात अजिबात फिरलेलं नसावं. घासून चमकवलेल्याला यूएनसी म्हणत नाहीत.

७. ठेवण: पावसाळा लक्षात घेऊन

जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूर पट्ट्यातली हवा इतकी ओली असते की कपाटातली चपलाही बुरशी धरते. अथणीकडे कोरडं, पण तिथे धूळ. म्हणून साठवण बाराही महिन्यांची नको, पावसाळ्याची आखा. उरलेलं वर्ष आपोआप सांभाळलं जातं.

नाणी ठेवायला मध्ये पारदर्शक खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकोनी होल्डर सर्वांत स्वस्त आणि बरी. व्यास मोजून त्या मापाची घ्या, सैल नकोत. पिना लावल्यावर त्यांची टोकं पक्कडीनं चपटी करा, नाहीतर शेजारच्या होल्डरमधल्या नाण्यावर ओरखडा उठतो. अल्बम घ्यायचा तर पान नाकाशी धरा. नव्या मेणकापडासारखा वास आला तर ते पीव्हीसी आहे, घेऊ नका. पॉलिप्रोपिलीन किंवा मायलरचं मागा.

वर्तमानपत्र, रबरबँड आणि डांबरगोळ्या जवळ नकोत. रबरातल्या गंधकानं चांदी काळी पडते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलला की मंद आचेवर वाळवून परत घाला. डबा बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटात न ठेवता आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा.

तपासणी: श्रावणात एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा सगळे डबे उघडून बघा. हिरवी भुकटी सुरू झाली असेल तर या दोन वेळी सापडते.

८. विषय ठरवा

आता कुठे संग्रह सुरू होतो. ‘सगळी जुनी नाणी’ हा विषय नाही, त्याला अंत नाही आणि पैसे पुरत नाहीत.

पहिल्या वर्षासाठी एक विषय सुचवायचा तर १९९२ ते २००४ चा पोलादी एक रुपया: व्यास २५ मिमी, वजन सुमारे ४.८५ ग्रॅम. प्रत्येक साल, प्रत्येक टांकसाळ, अशी चौकटींची तक्ता-पाटी वहीत आखा. बहुतेक चौकटी घरातल्या गल्ल्यातून, किराणा दुकानाच्या मोडीतून आणि ओळखीच्या बसकंडक्टरकडून दर्शनी मूल्यात भरतात. परदेशात पाडलेली काही त्यातच सापडतात. १९९७ च्या रुपयावर मेक्सिकोची खूण, ‘एम’ आणि त्यावर छोटं वर्तुळ, शोधा.

इथल्या मातीला जवळचा आणि स्वस्तातला दुसरा विषय: संत ज्ञानेश्वर (१ रुपया, १९९९), छत्रपती शिवाजी महाराज (२ रुपये, १९९९), महात्मा बसवेश्वर (५ रुपये, २००६), लोकमान्य टिळक (५ रुपये, २००७). चार नाणी, पण प्रत्येकाच्या टांकसाळी मिळवत गेलात तर वर्ष जातं.

९. खरेदी

क्रम असा ठेवा: आधी चलनातली नाणी दर्शनी मूल्यात. मग सरकारी टांकसाळीच्या संकेतस्थळावर निघणारे स्मारक संच, तेही आवडले तरच. पुन्हा विकून नफा होईल या आशेनं घेऊ नका. त्यानंतर सराफ. शेवटी जुन्या नाण्यांचे व्यापारी आणि प्रदर्शनं.

शहापूर, खडे बाजार, गणपत गल्लीतल्या सराफांकडे चांदीचे रुपये मोडीत येतात. तिथे जाताना त्या दिवसाचा चांदीचा भाव आणि हे दोन आकडे खिशात ठेवा: १९३९ पर्यंतच्या पूर्ण वजनाच्या रुपयात निव्वळ चांदी १०.६९ ग्रॅम, १९४० ते ४५ च्या रुपयात ५.८३ ग्रॅम. सामान्य सालाचा झिजलेला रुपया या हिशेबापेक्षा फार महाग मिळत असेल तर का, ते विचारा. काटा आणि चुंबक सोबत न्या. पाण्याची परीक्षा दुकानात कुणी करू देणार नाही, म्हणून बिल घ्या आणि खोटं निघाल्यास परत घेण्याचं त्यावर लिहून घ्या.

आठवडी बाजारात आणि सौंदत्तीसारख्या जत्रेत पथारीवरची जुनी ‘चांदी’ घेऊ नका. तिथून घ्यायचीच तर अॅल्युमिनियमची पैसेमालिका घ्या, ती खोटी बनवणं कुणाला परवडत नाही.

‘एरर’ नाण्यांचंही बघून घ्या. भारतीय प्रजासत्ताकाचं नाणं वरच्या-खालच्या कडेला धरून उभ्या अक्षावर पुस्तकाच्या पानासारखं उलटलं की मागची बाजू सुलट दिसायला हवी. ती तिरकी किंवा उलटी आली तर तो टांकसाळीचा खरा दोष. हातोड्यानं चपटं झालेलं, रेल्वेखाली गेलेलं, भोक पाडलेलं नाणं हा दोष नव्हे.

१०. कायदा आणि फसवणूक

नांगरताना, विहीर किंवा पाया खणताना नाणी सापडली तर ती सापडणाऱ्याची होत नाहीत. कर्नाटकात यासाठी १९६२ चा गुप्तनिधी कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं; गावात तहसीलदार कचेरीत लेखी द्या आणि पोच घ्या. सापडलेलं मडकं फोडून वाटून घेतलं की इतिहासही गेला आणि गुन्हाही दाखल झाला. बेळगावचा किल्ला, हलशी यांसारख्या संरक्षित जागी उकरणं तर अजिबात नको. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतात. ती खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत, आणि त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. चलनातली नाणी वितळवणं २०११ च्या नाणे कायद्यानं गुन्हा आहे.

२०१२ च्या वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, अशी जाहिरात आली की पुढे काय येतं ते ठरलेलं असतं: ‘नोंदणी फी भरा, मग जीएसटी भरा, मग पैसे जमा होतील.’ ते नाणं मोठ्या संख्येनं काढलेलं आहे. जुन्या नाण्यानोटांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कसलीही फी घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. खरा ग्राहक विकणाऱ्याकडून आगाऊ पैसे मागत नाही.

आणि तांदूळ ओढणारं नाणं. तांब्याचं जुनं नाणं तांदळाच्या दाण्यांजवळ नेलं की दाणे सरकतात, परदेशी कंपनी त्याचे कोटी देते, फक्त तपासणीचा खर्च आधी द्यायचा. दाण्यांना लोखंडाचा कीस लावलेला असतो आणि नाण्यात किंवा हातात चुंबक. कुणी दाखवायला आलाच तर घरातले तांदूळ पुढे करा.